कोरं जाळं

माझं सासर आणि माहेर एकाच गावात आहे, मध्ये फक्त तलावाची पाळ. त्यामुळे लग्न होऊन मी कुठे गेले असं कुणालाच वाटलं नाही, मलाही नाही. सकाळी सासरचा चहा करायचा, पाळीवरून माहेरी जायचं, बाबांना गोळी द्यायची आणि परत येऊन सासूचे टोमणे ऐकायचे, असा माझा दिनक्रम. आई गेल्यापासून बाबा एकटेच राहतात. आमच्याकडे चला म्हटलं की म्हणतात, "लेकीच्या सासरी कोन राह्यते? इथून तलाव दिसते." तलाव आमच्या अंगणातूनही दिसतो. पण बाबांशी वाद घालून आजवर कोणी जिंकलेलं नाही. आईसुद्धा नाही, आणि ती अख्ख्या आठवडी बाजाराला भारी होती.

बाबांचा हात थरथरतो. आधी नुसता चहाचा कप वाजायचा. मग शर्टाची बटणं मला लावून द्यावी लागू लागली. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं आणि गोळ्या दिल्या. गोळी घेतली की काही वेळाने हात शांत होतो, आणि तिचा जोर ओसरला की पुन्हा सुरू. हे थांबणार नाही, वाढतच जाणार, असंही डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. बाहेर बाकावर बसल्यावर बाबांनी मला विचारलं, "आता उजवा हाये. डावा बी जाईन काय?"

मी नाही म्हटलं. मला काय डोंबल माहीत होतं! पण त्यांच्या तोंडाकडे बघून दुसरं काही बोलवलं नाही.

त्याच सुमारास चामोर्शीला शेतमाल आणि हस्तकलेचं प्रदर्शन भरणार असल्याचं ग्रामसेवकांनी येऊन सांगितलं. प्रत्येक गावाला एक टेबल मिळणार होतं, आणि स्पर्धेत घेतलेल्या वस्तूला नंबराचा बिल्ला. आमच्या बचत गटाची अध्यक्ष मी, म्हणजे गावातल्या सगळ्यांच्या वस्तू गोळा करण्याचं झंझट आपोआप माझ्याच गळ्यात. कोणी वास्त्यांचं लोणचं देतो म्हणालं, कोवळ्या बांबूचं हे लोणचं आमच्याकडे घरोघर असतं आणि प्रत्येकीला आपलंच चांगलं वाटतं. गटातर्फे आम्ही मोहफुलांचे लाडू केले, ते एवढे कडक झाले की चव घेऊन बघताना माझ्या दाढेतली चांदी हलली. शेजारच्या काकूंचा भोपळा तर त्या रोज फडक्याने पुसायच्या आणि त्यावर तेलाचा हात फिरवायच्या. नातवाचं एवढं कौतुक त्यांनी कधी केलं नव्हतं.

हे सगळं मी बाबांना हसत हसत सांगत होते. ते हसले नाहीत. म्हणाले, "आपल्या लोकायचं काई नसते तिथी."

"आपलं काय असणार? माश्याचा रस्सा?"

"तेच तं. बुरडाच्या टोपल्या असतात, सुताराचे लाकडी बैल असतात. आपला तं निस्ता रस्सा लोकायले पायजे." आणि मग, "मी जाळं देतो. हातचं. हे शेवटचं होईन बाई, मंग हात नाई चालनार."

याआधी बाबांनी कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. आम्ही ढिवर, पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणारे. आमच्याकडे हाताने विणलेली जाळी आता कोणी वापरत नाही, मच्छीमार सोसायटीची सगळी माणसं बाजारातून नायलॉनचं तयार जाळं आणतात. बाबांच्या हाताची शेवटची दोनतीन जाळी उंदरांनी खाल्ली. म्हणजे आता जे होईल तेच एक. ते कुणीतरी हस्तकला म्हणून टेबलावर ठेवावं, त्याला इतरांसारखा नंबराचा बिल्ला लावावा, एवढीच त्यांची इच्छा होती. मला ती फार मोठी वाटली नाही, म्हणून मी लगेच हो म्हटलं.

मग आमचं घर गोळीवर चालू लागलं. गोळी दिली की मी दाराची कडी लावून बाहेर ओट्यावर बसायची आणि आत कोणाला सोडायची नाही. हात शांत असेपर्यंतच गाठी पडणार, त्यातला वेळ कोणाच्या गप्पांना द्यायचा? सरपंचपदाला उभा राहिलेला उमेदवार हात जोडत आला, त्यालाही मी उंबऱ्याबाहेरच ठेवलं. मत पाहिजे असेल तर बाबांचे हात थरथरायला लागल्यावर या, म्हटलं. तो बिचारा काहीच न समजून निघून गेला, आणि नंतर आलाही नाही.

फेकायच्या जाळ्याची सुरुवात शेंड्यापासून होते. तिथे अगदी बारीक घरं गोलात बांधायची आणि खाली येताना एकेक घर वाढवत न्यायचं, म्हणजे जाळं फेकलं की पाण्यावर गोल पसरतं. बाबांनी मुद्दाम सुती दोरा घेतला होता. बांबूची सुई, बांबूचीच पट्टी, आणि मांडीवर वाढत जाणारं जाळं. मी दाराच्या फटीतून बघायची. गोळीचा जोर असला की त्यांची बोटं अशी चालायची की हा माणूस आजारी आहे हे मलाही खोटं वाटायचं. आणि मग मध्येच सुई चुकायची. दुसऱ्यांदा चुकायची. ते सुई खाली ठेवायचे, डाव्या हाताने उजवा हात दाबून धरायचे आणि खिडकीतून तलावाकडे बघत बसायचे. तेव्हा मला आत जावंसं वाटायचं आणि जाऊन करायचं काय तेही कळायचं नाही. आमच्यात जाळं पुरुषांनी विणायचं आणि मासे बायकांनी विकायचे. मला तराजू येतो, जाळं येत नाही. मी फार तर सुईत दोरा भरून देऊ शकत होते.

एकदा त्यांनी विणलेल्या दोन ओळी सोडवायला घेतल्या. मला रडायलाच आलं. किती गोळ्यांची मेहनत होती ती!

"काऊन सोडून राह्यले, बाबा? काय झालं?"

"गाठ सरकली."

"कोनाले दिसते?"

"मले दिसते ना."

मी ओट्यावर जाऊन बसले.

जाळं झालं. त्यांनी येनाची, म्हणजे ऐनाच्या झाडाची, साल उकळून त्यात ते बुडवलं, म्हणजे सुताला तांबूस रंग चढतो आणि ते पाण्यात लवकर कुजत नाही. वाळायला बांबूवर टांगलं तेव्हा येणारेजाणारे थांबून बघायला लागले. सोसायटीतली दोन माणसं मुद्दाम आली, शेंडा हातात घेऊन बघून गेली. बाबा तोंडावर काही दाखवत नव्हते, पण त्या दिवशी त्यांनी भात दोनदा मागून घेतला. मी त्यांना ग्रामसेवकांचा निरोप पुन्हा सांगितला, की वस्तू नवी पाहिजे, वापरलेली चालत नाही. ते हो म्हणाले. हो म्हणाले हे मी शपथेवर सांगेन.

प्रदर्शनाच्या आदल्या सकाळी मी गोळी घेऊन गेले तर घरात बाबा नाहीत आणि बांबूवर जाळं नाही. पाळीवर धावत आले आणि बघते तर बाबा थंडीत गुडघाभर पाण्यात उभे. जाळ्याची एक कड दातात धरलेली, बाकीचं खांद्यावर. मी हाक मारायच्या आत त्यांनी फेकलं. हात गोळीशिवायचा होता. जाळं गोल पसरलं नाही, एका बाजूला गोळा होऊन पडलं. त्यांनी ते ओढलं, पिळलं, पुन्हा खांद्यावर घेतलं. या वेळी मात्र ते सगळंच्या सगळं उघडलं. मी हाक मारायची विसरले. एवढा राग आलेला असूनही विसरले.

पहिला मासा त्यांनी रीतीप्रमाणे परत पाण्यात सोडला. नंतर एक बोटभर रोहू मिळाली, ती कमरेच्या फडक्यात बांधून वर आले.

"बाबा! मी तुमाले काय सांगतली होती?"

"नवं पायजे मनून."

"मंग?"

"नवंच तं हाये." ते जाळं झटकत म्हणाले, जसं काही मीच काहीतरी वेडं विचारते आहे. "कोरं जाळं कोनी घराबाहीर देते काय? पानी नाई लागलं, मासोडी नाई आली, तं ते जाळं नाई, निस्तं सूत हाये. उद्या लोकं जाळं पायतीन का सूत पायतीन?"

कोणाचं भांडं परत करताना आपण त्यात मूठभर तांदूळ तरी टाकतोच, रिकामं देत नाही. बाबांच्या लेखी हे तसंच होतं. न भिजलेलं जाळं परक्याच्या हातात देणं म्हणजे त्या माणसाचा अपमान आणि जाळ्याचाही. आमच्या आजोबांनीही कधी कोरं जाळं विकलं नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं आणि तरी माझ्या लक्षात आलं नाही. बाबांच्या लक्षात नियम आला नाही. चूक कोणाची धरायची?

दिवसभर मी ते जाळं उन्हात फिरवलं, संध्याकाळी चुलीच्या उबेला धरलं. चिखल निघाला, एकदोन खवले निघाले, वास काही निघेना. शेवटी मी त्यावर पावडर मारली. बाबा हुंगून म्हणाले, "आता नवरदेव मासोड्या धरून आला असं वाटते." ते खुशीत होते. संध्याकाळी त्या बोटभर रोहूचा त्यांनी रस्सा करायला लावला आणि माझ्या ताटात डोकं वाढलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने निघालो. काकू भोपळा मांडीवर घेऊन बसल्या होत्या, कंडक्टर म्हणाला याचं अर्धं तिकीट लागेल, आणि काकू खरंच घाबरल्या. बाबांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. जाळं चादरीत बांधून छातीशी धरलं होतं, त्यामुळे हात थरथरत आहेत हे कोणाला दिसत नव्हतं. मी गोळी बरोबर घेतली होती. लोकांसमोर जाळं उलगडायच्या वेळेला हात शांत असावेत, असा माझा हिशेब होता आणि तो बरोबर जमला. टेबलावर त्यांनी जाळं असं मांडलं की शेजारच्या गावचे लोक आपली टेबलं सोडून आले.

परीक्षक म्हणून एक तरुण मॅडम होत्या. त्यांचा राग करावा असं त्यांच्यात काही नव्हतं, हीच माझी मोठी अडचण. त्या वाकल्या, जाळं हातात घेतलं, किती सुंदर आहे म्हणाल्या आणि मग हात नाकाशी नेला.

"बाबा, हे वापरलेलं आहे का?"

मी मागून बाबांचा सदरा ओढला. ते वळलेसुद्धा नाहीत.

"हो तं," ते अभिमानाने म्हणाले. "कालच तलावात टाकलो. मासोडी आली."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना सांगू लागले, की आमच्याकडे अशी पद्धत आहे, जाळं नवीनच आहे, एकदाच पाण्यात गेलंय. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मान हलवली. पण वापरलेली वस्तू स्पर्धेत घेता येत नाही, एकाला घेतली तर बाकीचे भांडतील, म्हणाल्या. आणि ते खरंच होतं, भांडले असते. भोपळ्याला नंबराचा बिल्ला मिळाला, लाडवांनासुद्धा मिळाला. बाबा टेबलापाशी उभे राहून बिल्ले लावणाऱ्या माणसाच्या हाताकडे बघत होते. तो पुढच्या गावाकडे गेला.

मग मॅडमच परत आल्या. त्यांनाही बहुतेक चुटपुट लागली असावी. म्हणाल्या, "बाबा, आपण हे स्टेजच्या मागे लावू या का? सगळ्यांना दिसेल." बाबांचा चेहरा असा उजळला की मी तोंडाशी आलेला नकार गिळला. मांडववाल्याचा माणूस जाळं घेऊन गेला. त्याने ते पडद्यावर ताणून बांधलं, शेंडा वरच्या पाइपला तारेने आवळला, आणि मग थर्माकोलचे लाल-निळे मासे आणून त्यावर चिकटवले. झेंडूच्या माळा सोडल्या. मी बाबांकडे बघायचं टाळलं.

"ते मासे कोनते हायेत?" बाबांनी मला हळूच विचारलं.

"समुद्रातले असतीन."

"अस्सं," ते म्हणाले. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं नाही. खुर्चीत बसून ते दिवसभर स्टेजकडे बघत राहिले. भाषणं झाली, सत्कार झाले. एकदा ते उठून स्टेजच्या कडेला गेले आणि जाळ्याचा सैल झालेला काठ सारखा करू लागले, तर फोटो काढणाऱ्याने त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. ते झाले. मी लांबून बघत होते. उठून त्या फोटोवाल्याला चार शब्द सुनावावे असं फार वाटलं, पण सुनावून त्या जाळ्याला बिल्ला मिळणार नव्हता, आणि बाबांना मात्र कळलं असतं की हा आपला मान नव्हे. तेव्हा मी बसून राहिले. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला बसून राहणं किती जड जातं हे माझ्या सासूला विचारा.

ऊन कलल्यावर बाबांचा हात पुन्हा सुरू झाला. मी त्यांना चहा आणि गोळी द्यायला बाहेरच्या टपरीवर नेलं. आम्ही परत आलो तेव्हा मांडव उतरवायला सुरुवात झाली होती. मांडववाल्यांना त्याच संध्याकाळी दुसरीकडे लग्नाचं काम होतं. त्यांच्यातल्या एकाने मला बघून जाळं आणून दिलं. चौकोनी, नीट घडी केलेलं, चादरीसारखं. वर ठेवलेला एक थर्माकोलचा मासासुद्धा, भेट म्हणून.

बाबांनी घडी उघडली. वर खाली केली. मग पुन्हा वर.

शेंडा नव्हता. तार सुटेना म्हणून त्या माणसाने ब्लेडने तेवढा भाग कापून टाकला होता. वर पाइपला तो अजून लटकत होता, तळहाताएवढा, तारेत आवळलेला. शेंडा गेला की दोरी कशाला बांधणार, आणि जाळं फेकणार कसं? बाकीचं सगळं जागच्या जागी होतं, एकही घर तुटलेलं नव्हतं, आणि ते जाळं राहिलं नव्हतं. माझा तोल सुटला. मी त्या माणसाला काय काय बोलले ते मला आता आठवत नाही, आठवलं तरी लिहिण्यासारखं नाही. तो खरोखर बावचळला. "ताई, थोडंसंच कापलंय, बाकी सगळं चांगलं आहे ना," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. त्याच्या बाजूने तेही खरं होतं.

बाबांनी माझा दंड धरला.

"राहू दे बाई," ते म्हणाले, आणि त्या माणसाला, "घडी चांगली केली, भाऊ."

गाडीत ते जाळं पुन्हा छातीशी धरून बसले. काकूंना भोपळ्याचं दुसरं बक्षीस मिळालं होतं, पण त्याही भोपळा पदराखाली झाकून बसल्या.

पुढचे काही दिवस ते जाळं खुंटीवर होतं. लोक विचारायचे, त्यांना बाबा इस्टेजवर लागलं होतं एवढंच सांगायचे. मग एका सकाळी मी गेले तर ते सुई आणि दोरा घेऊनच बसले होते. वरची घरं एकत्र ओढून नवा शेंडा बांधता येतो, म्हणाले. मी गोळी दिली. दाराची कडी लावायला निघाले तर मला थांबवलं. आम्ही वाट बघितली. हात शांत होईल तेवढा झाला, पण शेंड्याच्या त्या बारीक गाठींना तेवढा पुरेना. दोरा घरातून जायचा आणि पलीकडे त्यांच्या बोटांना सापडायचा नाही. त्यांनी पुन्हा करून बघितलं. पुन्हा. मी दोरा धरून देत होते आणि माझे डोळे भरून आल्यामुळे मलाही तो दिसत नव्हता.

शेवटी त्यांनी सुई माझ्या हातात दिली. आमच्या घरात कुठल्याही बाईच्या हातात ती विणायला म्हणून कधी दिली गेली नव्हती.

"तू कर. मी सांगतो."

"सांगा."

"इकून घे. आता खालून... नाई, तसं नाई. बोटावरून. म्हंजे या बोटावरून नाई..." आणि ते थांबले. आयुष्यभर त्या गाठी त्यांच्या बोटांनी बांधल्या होत्या, तोंडाने कधीच नाही. त्यांनी हवेत हात करून दाखवला. हात असा थरथरत होता की दोरा कुठून कुठे जातो ते मला काही केल्या कळेना. मी म्हटलं, बाबा, हळू दाखवा. त्यांनी हळू दाखवलं. तो आणखीच थरथरला.

"मले येते," ते म्हणाले. "सांगता नाई येत."

मग मला जी येते ती गाठ मी मारली, आपण पोत्याचं तोंड बांधतो ती. ओबडधोबड, जाडजूड. जाळं त्यांच्या पुढे केलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं आणि अंगठ्याने गाठ चाचपली. मी वाट बघत होते, की आता म्हणतील सोड ती, सरकते आहे, मले दिसते. मला ते ऐकायचं होतं.

"चालते," बाबा म्हणाले.